नाववालीच्या बेचाळीस ओळी

पायाला भिंगरी लागलेली माणसं पुष्कळ असतात, पण हिचं नावच भिंगरी पडलं होतं. ती चार वर्षांची असताना आईने ते ठेवलं आणि आता अडतिसाव्या वर्षी ऑफिसातसुद्धा तेच चालायचं. अशा बाईला काम मिळालं तेही दिवसाचे आठ तास खुर्चीला खिळून बसायचं. बाजारात येण्याआधी गेम खेळून बघायचा आणि त्यातल्या चुका शोधून लिहायच्या, हे ते काम. लोक म्हणायचे, मजा आहे बाई तुझी, खेळायचा पगार मिळतो. असं म्हणणाऱ्यांनी एकदा एकाच भिंतीवर एकच घोडा तीनशे वेळा धडकवून बघावा, मग बोलावं.

सध्याचा गेम एका सिनेमावर बेतलेला होता. सात नद्यांचं राज्य, हरवलेला मुकुट आणि तो शोधायला निघालेली राजकन्या. सिनेमा इतका चालला की शाळेतल्या मुली राजकन्येसारखी वेणी घालू लागल्या, आणि पाठोपाठ त्यांच्या आयासुद्धा. गेमचं मात्र नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा असं झालं होतं. सिनेमातल्या जंगलात शिरताना प्रेक्षक श्वास रोखून बसायचे. गेममधल्या जंगलात एकूण तीन झाडं होती, तीच आलटूनपालटून शेकडो वेळा लावलेली. राजकन्येचा झगा भिंतीतून आरपार जायचा. घोड्याला दोनच चाली येत होत्या, उभं राहणं आणि उधळणं. सिनेमात आकाश पेटवणारा ड्रॅगन इथे डोंगरामागे झोपवून ठेवला होता, कारण त्याला उडवायला कुणाला वेळ झाला नव्हता. आणि मुकुट शोधायचा म्हणजे काय करायचं, तर चाळीस पिसं गोळा करायची. मग आणखी चाळीस.

भिंगरीने अशा अकराशे चुका लिहून दिल्या होत्या. त्यातल्या निम्म्या सुधारल्या गेल्या. उरलेल्यांपुढे मुकादमाने ‘चालेल’ असं लिहिलं. मुकादम म्हणजे त्यांच्या गटाचा प्रमुख. हे नाव गेम तपासणाऱ्या टेस्टर लोकांनीच ठेवलेलं, आणि ते त्याला माहीत होतं.

तरी भिंगरी या गेमवर जीव टाकून होती, त्याला कारण होतं. तिसऱ्या नदीच्या काठी राजकन्येला एक म्हातारी नाववाली भेटते. सिनेमात नाववालीचा देह कॉम्प्युटरवर बनवलेला होता, पण आवाज भिंगरीच्या आईचा होता. आई चाळीस वर्षं रेडिओवर आणि रंगमंचावर काम करत आलेली. तिची खरी ताकद बोलण्यात नव्हती, थांबण्यात होती. वाक्य अर्ध्यावर सोडून ती अशी थांबायची की पहिल्या रांगेतल्या माणसाचा खोकला घशातच अडकून राहायचा. सिनेमात ती राजकन्येला म्हणते, “मी तुला पलीकडे नेईन.” मग थांबते. वल्ह्यावरून पाणी निथळत राहतं. आणि मग म्हणते, “परत आणेन, असं नाही म्हटलं.” हे वाक्य लोक बसमध्ये, जिन्यात, ऑफिसात एकमेकांना ऐकवायचे, आणि सगळ्यांचंच थांबणं चुकायचं.

गेमसाठी आई बेचाळीस ओळी नव्याने बोलली होती. त्यानंतर तीन आठवड्यांनी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. कर्करोगात स्वरयंत्र गेलं आणि आवाज कायमचा गेला. म्हणजे आईचं शेवटचं रेकॉर्डिंग या बेचाळीस ओळींचं होतं.

आता आई जाड पेनाने वहीत लिहायची. मोठं अक्षर, सावकाश, मधेच पेन उचलून धरत. लिहितानाही तिची थांबायची सवय सुटली नव्हती, आणि भिंगरीला तेवढा धीर कुठला. आईने दोन शब्द लिहिले की ही तिसरा ओळखून मोकळी. ‘खिडकी’ एवढं वाचलं की उठून खिडकी लावलीच, मग आईला ती आणखी उघडून हवी का असेना. गेल्या महिन्यात दोनदा आईने ‘तुझा आवाज’ एवढंच लिहून पेन उचललं होतं. दोन्ही वेळा भिंगरी म्हणाली, “हो गं, मोठा आहे. हळू बोलते.” आणि त्याहून मोठ्या आवाजात कुणाशीतरी फोनवर बोलत दुसऱ्या खोलीत गेली. आईने पान उलटलं.

शुक्रवारी गेमला कुलूप लागलं. कुलूप म्हणजे आता यात कुणी काही बदलायचं नाही, गुरुवारी डिस्क छापायला जाणार. कुलूप लागलं की टेस्टरांना एक प्रत घरी न्यायची मुभा होती. शनिवारी दुपारी भिंगरीने ती टीव्हीला जोडली, आईला सोफ्यावर बसवलं आणि तिच्या हातात कंट्रोलर दिला.

“हा अंगठा चालायला, हा बघायला. घाबरू नकोस, मोडत नाही काही.”

आईने राजकन्येला सरळ नेऊन भिंतीत घातलं. झगा पलीकडून बाहेर आला. आईने कंट्रोलर मांडीवर ठेवून लिहिलं, ‘ही भिंतीत का शिरते?’

“त्याच्यापुढे ‘चालेल’ असं लिहिलंय.”

आईने तिच्याकडे पाहिलं. रंगमंचावर कुणी वाक्य विसरलं की ती असंच बघायची.

नदीपर्यंत पोचायला एरवी सहा तास लागतात, पण भिंगरीने काठाजवळपर्यंतचा खेळ आधीच सेव्ह करून ठेवला होता. धुकं आलं. धुक्यातून नाव आली. नाववालीने मान वळवली आणि त्या दोन खोल्यांच्या घरात कित्येक महिन्यांनी आईचा आवाज उमटला.

“मी तुला पलीकडे नेईन.”

भिंगरीचे डोळे भरून आले. ती पुढच्या शब्दांची वाट बघत राहिली. नाववालीचे ओठ हलले. खाली अक्षरं आली, ‘परत आणेन, असं नाही म्हटलं.’ आवाज मात्र आला नाही. भिंगरीने टीव्हीचा आवाज वाढवला तर नुसती पार्श्वसंगीतातली तुतारी घुमली. आईने पुढचं बटण दाबलं.

“घाबरू नकोस,” नाववाली म्हणाली. ओठ हलत राहिले. अक्षरं आली, ‘घाबरायची जागा अजून आली नाही.’ आवाज पुन्हा गायब.

तिसरी ओळ तशीच, चौथीही तशीच. प्रत्येक वेळी पहिला तुकडा ऐकू यायचा, आणि जिथे आई थांबली होती तिथून पुढे नुसते ओठ. सिनेमातली ती जहाल म्हातारी इथे गोडगोड बोलून लोकांना पलीकडे सोडणारी परोपकारी बाई झाली होती. आईने बेचाळीसच्या बेचाळीस ओळी शांतपणे ऐकल्या. मग वही ओढली आणि लिहिलं, ‘अगदी माझ्यासारखी केलीत की.’

लिहून झाल्यावर ती हसली. हसतानाही आता तिचा आवाज होत नसे, फक्त खांदे हलत. तिने शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भिंगरीला वाटलं.

कारण या ओळी तपासल्या होत्या भिंगरीनेच. प्रत्येक ओळीपुढे तीन रकाने असत. अक्षरं दिसतात का, ओठ हलतात का, आवाज येतो का. तिसऱ्या रकान्यात तिने बेचाळीस वेळा बरोबरची खूण केली होती, आणि करताना काहीही ऐकलं नव्हतं. त्या ऑफिसात गेमचा आवाज कुणीच चालू ठेवत नसे. नदीकाठची तुतारी दर अकरा सेकंदांनी पुन्हा पहिल्यापासून वाजायची. ती आठ तास ऐकली की माणूस घरी जाऊन भांडणं उकरून काढतो. म्हणून तिसऱ्या आठवड्यापासूनच नऊच्या नऊ टेस्टरांच्या कानात आपापली गाणी सुरू झाली. पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवा ठिपका असतो. ओळ सुरू झाली की तो पेटतो. ठिपका पेटला की आवाज आला असं समजायचं आणि खूण करायची. अकराशे कुसळं शोधणाऱ्या बाईला स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ दिसलं नव्हतं.

खरं सांगायचं तर नाववालीच्या ओळी तपासायला आल्या त्या दिवशी तिने आवाज चालू करायला हात नेला होता. आई तेव्हा हॉस्पिटलात होती, गळ्यात नळी घालून. ऐकलं तर आपण टेबलावर डोकं ठेवून रडू, अशी तिला भीती वाटली. तिने हात मागे घेतला आणि ठिपक्यावर भरवसा ठेवला.

रविवार तिने घरभर फिरण्यात घालवला. कपाट काढलं, पुन्हा लावलं. जिना तीनदा उतरली आणि तीनदा कशासाठी ते विसरून वर आली. आईने वहीत ‘बस’ असं लिहून ते पान टेबलावर उभं करून ठेवलं होतं. भिंगरी बसायची आणि पाय हलवत राहायची.

सोमवारी सकाळी कोट न काढताच ती मौनीच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. मौनी गेमच्या आवाजाचा प्रोग्रामर. एरवी दिवसभरात तो मोजून वीस शब्द बोलायचा. तिने सांगितलेलं ऐकून त्याने पडद्यावर काहीतरी उघडलं.

“अर्धा सेकंद,” तो म्हणाला.

“काय अर्धा सेकंद?”

“अर्धा सेकंद शांतता आली की ओळ संपली असं गेम धरतो. मुकादम म्हणाले होते, ओळींच्या शेपटाला रिकामी जागा राहते, रटाळ वाटतं, छाट.”

“मग बाकीच्यांचं कसं नीट येतं?”

“बाकीचे थांबत नाहीत.” त्याने जरा विचार केला. “राजा तर भाजी विकल्यासारखा बोलतो.”

“मूळ रेकॉर्डिंग आहे ना? का तेही कापलंस?”

“आहे. पूर्ण आहे. फक्त वाजवताना तुटतं.”

भिंगरीने टेबलाची कड धरली. “सुधारायला किती वेळ?”

“दहा मिनिटं. एक आकडा बदलायचा. किती वेळ थांबते तुझी आई?”

हे तिला सांगता येईना. जन्मभर जिच्याजवळ राहिली ती आई किती वेळ थांबते, हे तिला माहीत नव्हतं. मौनीने मोजून पाहिलं. सगळ्यात लांब थांबणं तीन सेकंदांहून थोडं जास्त होतं. “चार करतो,” तो म्हणाला. “पण कुलूप उघडून आण.”

कुलुपाची किल्ली मुकादमाकडे होती. किल्ली म्हणजे एक अर्ज. त्यात दोन प्रश्न मोठ्या अक्षरात असत. आधी कोणी तपासलं? चूक कशी निसटली?

मुकादमाने सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, तारखेला बांधलेला होता. “खाली अक्षरं येतात ना?” तो म्हणाला. “लोक वाचतील.”

“आवाज आहे तर वाचायचं कशाला?”

“अगं, लोकांना पिसं गोळा करायची असतात. म्हातारीचं कोण ऐकतंय?”

“मी ऐकतेय.”

“आत्ता ऐकतेयस,” मुकादम म्हणाला.

हे बरोबर वर्मी लागलं. भिंगरी खुर्चीतून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. मुकादम तिला बसही म्हणाला नाही, त्याला तिची सवय होती.

“हे बघ,” तो आवाज उतरवून म्हणाला, “झाकली मूठ सव्वा लाखाची. आवाज बंद ठेवून तपासलं, असं तू लिहिलंस की वरचे विचारणार, बाकीच्या आठ जणांनी काय केलं? मग साडेचार हजार ओळी पुन्हा ऐकायच्या. तारीख पुढे जाणार. सगळे तुझ्या नावाने बोटं मोडणार. आणि पुढच्या गेमला कोण घ्यायचं, ती यादी माझ्याच टेबलावर आहे. मी काही मुद्दाम सांगत नाहीये.”

“पण सांगितलंत.”

“सांगितलं.”

तिच्या डोळ्यांपुढे नाववालीचे ते हलणारे ओठ येत होते. गेम एकदा छापला की लाखो घरांत ती म्हातारी अशीच तोंड हलवत बसणार होती. लोक म्हणणार होते, सिनेमात काय काम केलं होतं बाईने, गेममध्ये पाट्या टाकल्या. आणि आईला उलटून एक शब्द बोलता येणार नव्हता. भिंगरीने मुकादमाच्याच टेबलावर वाकून अर्ज भरला. आधी कोणी तपासलं? मी. चूक कशी निसटली? मी आवाज बंद ठेवला होता. हिरवा ठिपका पाहून खुणा केल्या. खाली सही केली.

पुढे मुकादम म्हणाला तसंच झालं. तारीख आठवड्याने पुढे गेली. नऊ टेस्टर कानांवर हेडफोन चढवून साडेचार हजार ओळी आणि ती तुतारी ऐकत बसले. भिंगरी पाणी प्यायला उठली की बोलणी बंद व्हायची. शेजारच्या खुर्चीतली टेस्टर तर दोन दिवस तिच्याकडे पाठ करून बसली होती. पण ऐकायला लागल्यावर काय काय बाहेर आलं. राजाच्या दरबारी भाषणात कुणाचीतरी शिंक होती. किल्ल्याचा पहारेकरी राजकन्येच्या आवाजात दमदाटी करत होता. आणि डोंगरामागच्या ड्रॅगनचं घोरणं म्हणून कुणीतरी ऑफिसातल्याच थंड पाण्याच्या मशीनचा आवाज लावून दिला होता.

तिसऱ्या दिवशी शेजारणीने एका कानावरचा हेडफोन बाजूला केला. “ही नाववाली तुझी आई ना?”

“हो.”

“भारी थांबते गं,” ती म्हणाली, आणि हेडफोन पुन्हा चढवला.

महिनाअखेरीला पुढच्या गेमची यादी लागली. तीत आठ टेस्टरांची नावं होती. भिंगरीने ती दोनदा वाचली, टेबलाच्या खणातला कप काढून पिशवीत टाकला आणि गेमची नवी प्रत घेऊन घरी आली. वाईट वाटलं का, तर वाटलं. नोकरी गेल्यावर कुणाला वाटत नाही?

शनिवारी दुपारी आई पुन्हा कंट्रोलर घेऊन बसली. राजकन्या पुन्हा भिंतीत शिरली. तिथे अजूनही ‘चालेल’ होतं. मग धुकं आलं, नाव आली, नाववालीने मान वळवली.

“मी तुला पलीकडे नेईन.”

आईचे ओठ त्या शब्दांबरोबर हलले होते. आता ते मिटले. पडद्यावरचेही मिटले. तुतारी सोडली तर खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. मौनीचा आकडा चुकला असेल तर, या विचाराने भिंगरीचा पाय हलायला लागला. आईने न बघताच तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“परत आणेन, असं नाही म्हटलं.”

आईने डोळे मिटून घेतले. मग एकेक करून तिने सगळ्या ओळी ऐकल्या. काही ठिकाणी मान डोलावली, एके ठिकाणी तोंड वाकडं केलं, स्वतःचंच काम असलं तरी. शेवटची ओळ झाल्यावर तिने टीव्ही बंद केला, वही घेतली आणि लिहिलं, ‘तुझा आवाज’.

पेन उचललं.

हो गं, मोठा आहे, हे भिंगरीच्या जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं. एक, दोन, तीन सेकंद गेले. चार गेले. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. आई पेनाच्या टोकाकडे बघत होती. तिला घाई नव्हती, कधीच नव्हती. भिंगरी हात मांडीखाली दाबून बसून राहिली. एवढा वेळ गप्प बसणं तिला आयुष्यात जमलं नव्हतं.

पेन पुन्हा टेकलं. ‘माझ्यासारखा आहे. मी कधीची ऐकतेय. तू एकदा तरी ऐक.’

भिंगरी ते वाचत राहिली. मग तिला रडू आलं आणि तिने ते लपवलं नाही. आईने तिला रडू दिलं. रडणं ओसरल्यावर आईने पान उलटलं, नाववालीची ती ओळ मोठ्या अक्षरात लिहिली, खाली ‘म्हण’ असं लिहिलं आणि वही पुढे सरकवली.

भिंगरीने घसा साफ केला. “मी तुला पलीकडे नेईन. परत आणेन, असं नाही म्हटलं.”

आईने मान हलवली. वही परत ओढून तिने लिहिलं, ‘घाई केलीस. पुन्हा.’